फाटी फिरवणारे बापू

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या पट्ट्यात रविवारी पाठीला सॅक लावून डोंगरात पळणारी एक जमात आहे. त्या जमातीत कोणाकडेही बापू सावंतांचा विषय काढून बघा. बापूंनी त्याला किती किल्ल्यांवर नेलं हे तो नंतर सांगेल. आधी सांगेल ते बापूंनी त्याला कुठून परत पाठवलं ते. "मला हरिश्चंद्रगडाला फिरवलं." "मला तर यार, अलंगला. सगळे वर, आणि मी खाली गाडीत." हे सांगताना माणूस चिडलेला असतो, पण त्या चिडण्यात थोडा मानही असतो. शाळेत कडक मास्तरांचा मार खाल्लेली मुलं मोठेपणी तो किस्सा सांगतात, तसंच काहीसं.

मला फिरवलं ते माहुलीला. माझा पहिलाच ट्रेक. नवे बूट, नवी सॅक, नवी टोपी आणि अंगात नवी मस्ती. वरच्या लोखंडी शिडीपाशी पोहोचले तेव्हा उन्हाने डोकं भणभणत होतं, पण मी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. शिडीखाली एक बुटका, सावळा माणूस उभा होता. इस्त्रीचा पांढरा फुल शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बंद, कानाला रुमाल. तो सगळ्यांना खाजं वाटत होता, मालवणी जत्रेत मिळतं ते, आलं-गुळाचं. मी तुकडा घेतला, तोंडाजवळ नेला आणि हळूच खिशात टाकला.

"फाटी फीर," तो म्हणाला.

"काय?"

"मागे फीर म्हणतंय. आज तुझा हयसरच झाला."

मी म्हटलं, मी ठणठणीत आहे. मी म्हटलं, पाच मिनिटं बसते, बरं वाटेल. मग म्हटलं, एवढं इथपर्यंत आले, आता शिडीच तर राहिली. शेवटी म्हटलं, हे सगळं त्या उन्हामुळे आहे, सावलीत गेलं की थांबेल. बापूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. माझी सॅक स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि माझ्याबरोबर खाली उतरायला लागले. अर्ध्या वाटेत मी उलटी केली, तेव्हा मात्र मला जरा शरम वाटली. खाली आल्यावर त्यांनी मला कोकम सरबत दिलं आणि गप्पा मारल्या त्या घाटकोपरच्या मासळीबाजाराच्या. त्या दिवसाबद्दल पुढे कधीही, चुकूनसुद्धा, एक शब्द काढला नाही. फिरवलेल्या माणसाला ते कधी चिडवत नसत आणि दुसऱ्या कोणाला चिडवूही देत नसत.

त्या खाज्याचं रहस्य मला पुढे कळलं. ते म्हणायचे, "दमलेलो माणूस खोटा बोलता, पण खोटा खायना." चढावर मध्येच थांबून ते प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवत आणि तो खातो कसा ते बघत राहत. आम्हाला वाटायचं, काय प्रेमळ माणूस आहे.

बापू राहायचे घाटकोपरला, भटवाडीच्या चढावर. नोकरी लिफ्टच्या देखभालीची. आयुष्यभर मुलुंड-अंधेरीच्या टॉवरांत लिफ्ट तपासत फिरले आणि स्वतः मात्र जिन्याने गेले. तिथेही स्वभाव हाच. मुलुंडला एका सोसायटीत ऐन लग्नाच्या दिवशी त्यांनी लिफ्ट बंद केली. दाराचं कुलूप नीट बसत नव्हतं. नवरी बाराव्या मजल्यावर, वऱ्हाड खाली, आणि सेक्रेटरी बापूंच्या अंगावर धावून गेलेले. "अहो, आजचा दिवस चालवा ना! संध्याकाळी करा काय ते." बापूंनी मेन स्विच खाली ओढला, चावी खिशात टाकली आणि जिन्याने वर गेले. नवरीच्या आजीला खुर्चीवर बसवून खाली आणताना खुर्चीचा एक पाय बापूंच्या हातात होता. आजींना ती मिरवणूक इतकी आवडली, की परत जातानाही लिफ्ट नको म्हणाल्या. सेक्रेटरी मात्र पुढे कित्येक वर्षं बापूंना ओळख देत नव्हते.

त्यांची दुसरी गोष्ट म्हणजे गाऱ्हाणं. कोकणात देवापुढे घालतात ते. बापू प्रत्येक डोंगराच्या पायथ्याला ते घालत. आम्ही सगळे गोलात उभे, मध्ये नारळ, आणि एरवी चार शब्दांच्या वर न बोलणाऱ्या या माणसाचा आवाज एकदम देवळातल्यासारखा मोठा होई.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही ओरडायचो.

"आज ही लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंका सुखरूप वर न्हे नि सुखरूप खाली हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मग एकेकाचं नाव घेऊन त्याची भानगड सगळ्यांसमोर देवाच्या कानावर घातली जाई. आमच्यातला केदार अंधेरीला कॉम्प्युटर कंपनीत आहे. "ह्या केदाराचो सायब तेका रजा देयत नाय, तेका वायच सुबुद्धी दी म्हाराजा!" बोरिवलीची अनघा बँकेत आहे. "हिचा प्रमोशन अडाकला आसा, ता सोडव म्हाराजा!" आमच्या घरात देव नाहीत. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, नवस-नारळ नाही. त्यामुळे पहिल्या वेळी मी जरा बाजूला उभी होते. बापूंनी ते पाहिलं आणि गाऱ्हाण्यात माझीही सोय लावून टाकली. "आणि ही वैशाली. हिचो तुझ्यार विश्वास नाय. पण तुझो हिच्यार आसा, तर हिका सांभाळ रे म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने "होय म्हाराजा" त्या दिवशी मीच म्हटलं. पुढे दर ट्रेकला माझ्यासाठी हेच वाक्य असे, आणि ते चुकून राहिलं असतं तर मला करमलं नसतं.

किलीमांजारोची टूम केदारने काढली. आफ्रिकेतला सगळ्यात उंच डोंगर, दोर-बीर लागत नाही, नुसतं चालायचं. बापू तेव्हा निवृत्त झालेले. पैसे मुलाने दिले आणि डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून हो म्हटलं. बापूंचा प्रश्न एकच होता.

"थय राखणदार कोण?"

"काका, तिथे नॅशनल पार्क आहे."

"पार्क सरकारचो. डोंगर कोणाचो?"

केदारने त्या डोंगराचा राखणारा देव इंटरनेटवर पुष्कळ शोधला. बापूंचं समाधान होईना. शेवटी आम्ही चौघे डोंगराखालच्या गावात उतरलो, तेव्हा बापूंनी पहिल्यांदा बाजारात जाऊन नारळ पैदा केला. तिथे नारळ मिळतो याचा त्यांना केवढा आनंद! "आपलेच लोक हे," असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. हॉटेलच्या अंगणातून डोंगर दिसत होता, माथ्यावर पांढरा. आमचा गाइड जोसेफ आणि सामान वाहणारी मंडळी पोती बांधत होती. बापू डोंगराकडे तोंड करून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! तुझा नाव आमका म्हायत नाय, तेचो राग धरू नको म्हाराजा!"

आम्ही तिघे ओरडलो. दुसऱ्या वाक्याला पोती बांधणारे चार जण ओरडले. तिसऱ्याला सगळं अंगण. जोसेफ हसायला लागला. पुढचे सगळे दिवस आमचं सामान घेऊन ती मंडळी आम्हाला ओलांडून पुढे जात, तेव्हा "पोले पोले" म्हणण्याआधी "होय म्हाराजा!" म्हणत. पोले पोले म्हणजे त्यांच्या भाषेत हळूहळू.

सामान वाहण्यावरून पहिल्या दिवशी तमाशा झाला. आपल्याकडे ज्याची सॅक त्याने वाहायची, हा धर्म. बापूंनी मोठी सॅक द्यायला साफ नकार दिला. जोसेफने समजावलं की हे त्यांचं काम आहे, तुम्ही सॅक अडवून धरलीत तर एका माणसाला घरी जावं लागेल. बापूंनी क्षणात सॅक खाली ठेवली. मग ती उचलणाऱ्या माणसाच्या मागे मागे जाऊन त्याला मालवणीत, हातवाऱ्यांसकट, सॅकचा पट्टा कसा आवळायचा ते शिकवलं.

जोसेफ आणि बापू यांचं मेतकूट कसं जमलं हे बघण्यासारखं होतं. जोसेफला मराठी येत नव्हती आणि बापूंचं इंग्रजी लिफ्टच्या बटणांपुरतं. पण विसाव्याला जोसेफ सगळ्यांना गरम चहा देई आणि कोण कसा पितो ते बघत राही. बापूंनी ते दुसऱ्याच दिवशी हेरलं. "ह्यो माझ्याच जातीचो," मला म्हणाले. "चाय देता आनि तोंडां वाचता."

जोसेफकडे बोटाला लावायचं ते यंत्रही होतं, रक्तातला ऑक्सिजन सांगणारं. रोज संध्याकाळी तंबूत तपासणी. तिसऱ्या दिवशी बापूंचा आकडा खाली आला आणि जोसेफच्या कपाळाला आठी पडली. चौथ्या दिवशी आकडा एकदम झकास. पाचव्या दिवशीही. जोसेफ खूश, आम्ही खूश. मला संशय आला तो पाचव्या दिवशी. तपासणीच्या आधी मी तंबूमागे गेले तर बापू एका दगडावर पद्मासन घालून जोरजोरात अनुलोम-विलोम करत बसलेले. छाती फुगवून, नाकपुड्या लाल करून ते तसेच आत गेले आणि त्यांनी ऐटीत बोट पुढे केलं.

"बापू, ही चीटिंग आहे," मी बाहेर आल्यावर म्हटलं.

"प्राणायाम आसा ता. बाबा लोक टीव्हीवर सांगतत."

"तुम्ही मला माहुलीला खाजं खिशात टाकलं म्हणून फिरवलं होतं."

बापूंनी मफलर गुंडाळला आणि ते सूप प्यायला गेले. मी हसण्यावारी नेलं. आम्ही सगळेच उंचीने थोडे बावळट झालो होतो. अनघाने त्या दिवशी टूथपेस्ट समजून सनस्क्रीन तोंडात घातलं होतं.

शेवटच्या कॅम्पवर पोहोचलो तेव्हा दुपार होती. सगळीकडे काळे दगड, वारा, आणि वर अगदी हाकेच्या अंतरावर असल्यासारखा बर्फ. इथून पुढची चढाई झाली की माथा. जेवण झाल्यावर बापू म्हणाले, गाऱ्हाणं घालूया. आम्ही गोल केला, आमची सगळी मंडळीही येऊन उभी राहिली. केदारच्या साहेबाची पाळी झाली. अनघाच्या प्रमोशनची झाली. मग बापू माझ्याकडे वळले.

"आणि ही..."

ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

"आणि ही... हिचो तुझ्यार विश्वास नाय..."

"होय म्हाराजा!" सगळ्यांनी गलका केला. वाक्य पुरं झालं, नारळ नव्हता म्हणून सुकामेवा वाटला गेला. गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. जोसेफला मालवणी कळत नव्हती. माझं नाव गळलं होतं, आणि उंची डोक्याला लागली की हे असंच सुरू होतं, हे मला मात्र ठाऊक होतं. आता बापू वर जाणार की नाही, हे फक्त दोघांच्या हातात होतं, त्यांच्या आणि माझ्या. खरं सांगायचं तर मला ते अजिबात नको होतं.

थोड्या वेळाने ते माझ्या तंबूपाशी आले.

"चेडवा, तुझा नाव काय गो?"

"वैशाली."

"वैशाली," ते म्हणाले. "मगाशी माका आठवाक नाय."

ते दगडावर बसले आणि एकटेच बोलायला लागले. "थंडीन झाला असात. वायच पडलंय काय बरा वाटात. आणि रवला केवढा? ह्या काय, समोर तर दिसता." आणि मग, "एवढ्या लांब येवन..."

बोलता बोलता त्यांना एकदम हसूच फुटलं.

"ह्या सगळा मी खय तरी आयकलंय," ते म्हणाले.

"माहुलीला," मी म्हटलं. "शिडीखाली."

"मगे मी तुका काय सांगलंय?"

"बापू, मी नाही सांगणार."

"सांग गो."

माझ्या तोंडून ते निघेना. या माणसाने आपल्यासाठी वर्षानुवर्षं देवाकडे रदबदली केलेली आणि आपण त्याला, तेही समोर बर्फ दिसत असताना, हे म्हणायचं. मला रडू आलं. मी रडत रडतच म्हटलं, "फाटी फीर."

"आता कसा!" बापू म्हणाले, आणि उठले. उठताना त्यांचा तोल गेला, मी हात धरला. ते थेट जोसेफकडे गेले. "जोसेफ, मी डाऊन," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बोट केलं. "हर नेम, नो कमिंग." जोसेफने बोटाला यंत्र लावलं. या वेळी प्राणायाम नव्हता. आकडा बघून त्याने लगेच आपल्या मदतनिसाला हाक मारली. थोड्याच वेळात, उजेड असतानाच, बापू त्याच्याबरोबर खाली निघाले. जाताना जोसेफने त्यांना सलाम केला, अगदी पाय जुळवून.

आम्ही तिघे वर पोहोचलो. तिथे पाटी आहे, बर्फ आहे, सगळे काढतात तसे फोटो आम्हीही काढले. खालच्या कॅम्पवर आलो तर बापू स्वयंपाक्याच्या तंबूत पाटावर बसावं तसे बसलेले. डोकं ताळ्यावर आलेलं, भूक लागलेली. मला बघितल्या बघितल्या म्हणाले, "वैशाली, केदार, अनघा, जोसेफ," आणि मग सामान वाहणाऱ्यांची नावं, एक न चुकता. "अक्कल परत इली." मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठी मारली. त्यांना या गोष्टीची सवय नव्हती. ते मिठीभर हात खाली सोडून तसेच बसून राहिले.

घाटकोपरला उतरलो तर भटवाडीच्या नाक्यावर मंडळाचा बॅनर लागलेला. "किलीमांजारो सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", मधोमध बापूंचा फोटो सगळ्यात मोठा, कडेला आम्ही तिघे टिकलीएवढे. बापू टॅक्सीतून उतरले ते सामान घेऊन घरी गेलेच नाहीत. मंडळाच्या पोरांना बोलावलं.

"मी वर जावक नाय. उतरवा ता."

"काका, कोणाला काय कळतंय? जाऊ द्या ना यार."

"माका कळता."

शेवटी तडजोड अशी झाली, की फोटोखाली एक पांढरा कागद चिकटवायचा आणि त्यावर लिहायचं: "हे अर्ध्यावरून परत इले." तो बॅनर गणपतीपर्यंत तसाच होता. लोक थांबून वाचत आणि बापूंना चहा पाजत. माझ्या मते सर केल्याच्या बॅनरने एवढा चहा मिळाला नसता.

घरी मात्र आम्ही घाबरत घाबरत गेलो. बापूंची बायको, सुमनकाकू, बोलायला तिखट. आता बापूंची काही खैर नाही, असं केदार जिन्यातच म्हणाला. काकूंनी आंबोळ्या वाढल्या, सगळं नीट ऐकून घेतलं. मग चटणी वाढता वाढता विचारलं,

"थयसून वरचा टोक दिसत होता?"

"दिसत होता," बापू म्हणाले.

"माका पण दरवाजो दिसत होतो."

बापूंचा हात ताटात थांबला. आम्हाला काही कळेना. मग बापूंनीच सांगितलं, खाली बघत. लग्न नवं होतं. काकूंना ते कर्नाळ्याला घेऊन गेले होते, मित्रांबरोबर. साडी नेसलेल्या काकू हळू चालत होत्या, मित्र पुढे गेले होते. गडाचा दरवाजा समोर दिसत असताना बापूंनी त्यांना फिरायला सांगितलं, आणि एका मित्राच्या बायकोबरोबर खाली पाठवून दिलं.

"दमला होतंस काय गो?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांनी.

"दमूक नव्हतंय," काकू म्हणाल्या. "तुमका घाई होती."

बापूंनी मान हलवली. "होय," ते म्हणाले. एवढंच. पण आयुष्यात ज्याने फिरवल्याबद्दल कधी कोणाची माफी मागितली नाही, त्या माणसाच्या तोंडचा तो "होय" ऐकून आम्ही तिघेही आंबोळीत तोंड खुपसून बसलो.

पुढे त्यांची बिल्डिंग पाडायला घेतली आणि दोघं कुडाळजवळ गावी राहायला गेली. आता फोनवरच बोलणं होतं. नजरेसमोर आहेत ते बापू मात्र जायच्या आधीच्या रविवारचे. आम्ही कर्नाळ्याला गेलो होतो, काकूंना घेऊन. काकूंनी साडीखाली नवे बूट घातलेले, चेहरा लालबुंद, पण दम लागलेला नव्हता. गडाचा दरवाजा समोर आला तशा त्या एका दगडावर बसल्या.

"बघलंय दरवाजो. झाला. आता फिरूया."

"चल," बापू म्हणाले. त्यांच्या तोंडून चढावर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

"नको हो. ही सगळी माझ्यापायी खोळंबतत."

"खोळंबूंदेत."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पर्स त्यांच्या हातात दिली आणि निऱ्या वर खोचून निघाल्या. शेवटच्या पायऱ्या त्या मागे न बघता चढल्या आणि दरवाज्यातून आत दिसेनाशा झाल्या. बापू जिथे होते तिथेच पर्स छातीशी धरून उभे राहिले. आम्हालाही पुढे जावंसं वाटेना. मग आतून काकूंचा आवाज आला, "अहो, येतास ना वर?"

"इलंय, इलंय," बापू म्हणाले, आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसत चढायला लागले.